मिलिमीटरभर म्हातारपण

बाथरूम जुनाट दिसायला लागलं की घरात पहिला विषय निघतो तो फोडाफोडीचा. टाइल्सची रया गेली, सांधे काळे पडले, नळावर पांढरे चट्टे बसले, आरशाच्या कडा खराब झाल्या. आता सगळं उखडून नवंच करायला हवं, यावर घरात एकमत होतं. मग ठेकेदार येतो, टेप लावून मापं घेतो आणि शहरात सहज लाखाच्या घरात जाणारा आकडा सांगतो. आकडा ऐकला की बेत पुढच्या दिवाळीवर जातो आणि बाथरूम आहे तसंच राहतं.

खर्चाचं गणित मांडण्याआधी खरं तर एक प्रश्न विचारायला हवा. या बाथरूममध्ये जुनं नेमकं काय झालंय?

भिंतीवरची टाइल घ्या. ती म्हणजे हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापलेल्या भट्टीत भाजलेली माती आणि त्या मातीवर वितळून बसलेला काचेचा थर. या थराला ग्लेझ म्हणतात. काच कुजत नाही, गंजत नाही, पाणी पीत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गुजरातेतल्या मोरबीच्या एखाद्या कारखान्यातून ती टाइल बाहेर पडली, तेव्हा तिच्यावर जी चकाकी होती ती बहुतेक घरांमध्ये आजही जागेवर असते. आपल्याला दिसत नाही, एवढंच. कारण ग्लेझच्या वर एक पडदा चढलाय.

बाथरूमभर हीच कथा आहे. नळावरचा चट्टा, सांध्यांतला काळेपणा, कोपऱ्यातली बुरशी, आरशाची खराब झालेली कड: बाथरूमला म्हातारं करणाऱ्या गोष्टींची जाडी मोजायला गेलं तर ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जाते. पुष्कळदा ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. इतका पातळ थर काढायला हातोडा कशाला हवा? तो कशाचा बनलाय हे ओळखलं की काम अर्ध्याहून अधिक झालं. आणि तो कशाचा बनलाय, हे कळल्यावर चकित व्हायला होतं.

नळाच्या तोंडाशी सह्याद्री

नळाच्या टोकाशी, शॉवरच्या भोकांत, टाइलवर बसलेला पांढरा खडबडीत थर म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी ज्याची, संगमरवर ज्याचा, तोच हा पदार्थ. तो आपल्या बाथरूमपर्यंत कसा पोहोचला, याचा माग काढत गेलं तर आपण थेट ज्वालामुखीपाशी पोहोचतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या एकावर एक थरांनी दख्खनचं पठार घडलं. हा काळा बेसाल्ट महाराष्ट्राच्या बहुतेक भागाच्या पायाखाली आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आंबट होतं. हे सौम्य ॲसिड बेसाल्टच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि खडकातल्या खनिजांमधलं कॅल्शियम थोडंथोडं सोडवून घेतं. बोअरवेलमधून वर येणारं पाणी दिसायला नितळ असतं, पण त्यात खडक विरघळलेला असतो.

हे पाणी नळाच्या टोकाशी थेंब होऊन लोंबकळतं तेव्हा उलटा प्रवास सुरू होतो. कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, पाण्याची वाफ होते आणि कॅल्शियम कार्बोनेट तिथेच उरतं. चुनखडीच्या गुहांमध्ये छतापासून लोंबणारे दगडी सुळके नेमके याच रीतीनं वाढतात. गिझरमध्ये पाणी तापवल्यावर ही क्रिया आणखी वेगानं होते. म्हणून जड पाण्याच्या घरांत गिझरच्या कॉइलवर दगडाचं कवच चढतं.

मुंबईत महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येतं. पावसाचं हे पाणी खडकात फार काळ न मुरता साठलेलं असल्यानं मऊ असतं. पण त्याच महानगराच्या वेशीवर बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या वसाहतींत वर्षभरात नवा नळ पांढरा पडतो. दोन घरांतल्या स्वच्छतेच्या सवयींत काहीच फरक नसतो. फरक असतो तो पाणी कुठून कसं आलं याचा.

किती दगड साठतो? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. मधला ४०० चा आकडा धरू. समजा, एका अंघोळीनंतर भिंतींवर आणि नळांवर मिळून १०० मिलिलिटर पाणी तसंच राहिलं आणि वाळलं. घरात चार माणसं, म्हणजे वर्षाला १४६ लिटर पाणी भिंतींवर वाळणार आणि सुमारे ५८ ग्रॅम दगड मागे ठेवून जाणार. दर वर्षी मूठभर खडक आपण स्वतःच भिंतींना लावत असतो.

त्यात साबण मिसळतो. अंगाचा साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम यांच्या संयोगातून पाण्यात न विरघळणारा, चिकट, करडा पदार्थ तयार होतो. बादलीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीशी जी मळकट रेघ दिसते ती हीच. टाइल "मळलेली" वाटते तेव्हा त्यात अंगाचा मळ थोडा आणि साबण-चुन्याचा हा थर जास्त असतो. म्हणूनच ती आणखी साबण लावून निघत नाही.

लिंबूफूल आणि ॲसिडची बाटली

कॅल्शियम कार्बोनेट आंबट पदार्थात विरघळतं. किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, इथे कामाला येतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पुरतात. व्हिनेगरही चालतं, त्यात साधारण चार-पाच टक्के ॲसिटिक ॲसिड असतं. हे पाणी भिंतीवर मारून लगेच पुसलं तर मात्र उपयोग नाही. विरघळायला वेळ लागतो आणि उभ्या भिंतीवरून पाणी ओघळून जातं. म्हणून जुनं फडकं किंवा कागदी नॅपकिन त्यात भिजवून टाइलवर चिकटवून ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. नळासाठी प्लास्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून पिशवी नळाच्या तोंडाला रबरबँडनं बांधायची. शॉवर काढता येत असेल तर बादलीत बुडवून ठेवायचा.

या वेळी बारीक बुडबुडे येताना दिसतील. तो कार्बन डायऑक्साइड आहे. पावसानं मातीतून उचललेला, खडकातून आणि पाइपातून फिरून टाइलवर दगड होऊन बसलेला तो वायू आपल्या बाथरूममध्ये मोकळा होतो.

घासायला काय वापरायचं, याचं उत्तर खनिजशास्त्रात आहे. फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी केली, तिच्यावर टाइलवरच्या थरातलं कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, ३ वर येतं, टाइलचं ग्लेझ साधारण ५ ते ६ वर आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. रेतीची भुकटी असलेल्या पावडरीनं थर निघतो खरा, पण ग्लेझवरही ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांत पुढचा थर अधिक घट्ट बसतो. नायलॉनचा ब्रश हळू काम करतो; काचेला मात्र धक्का लावत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत आपल्याकडे हमखास येते ती ॲसिडची बाटली. हे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते ओतल्याबरोबर फसफसून पांढरा थर नाहीसा होतो आणि काम झाल्याचं समाधान मिळतं. पण त्याला टाइलवरचा चुना आणि सांध्यातलं सिमेंट यांतला फरक कळत नाही. दोन्हींत कॅल्शियमची संयुगं आहेत. दर वर्षी ॲसिड मारलं की सांधे दर वर्षी थोडे खोल जातात. शिवाय त्याच्या वाफा बंद खोलीत कोंडतात आणि स्टीलच्या वस्तूंवर बसतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेशी संयोग होऊन त्याचा नॅनोमीटरमध्ये मोजावा लागेल इतका पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तोच आतल्या लोखंडाला सांभाळतो. ॲसिडमधलं क्लोराइड नेमका तो थर फोडतं. अशा साफसफाईनंतर टॉवेलची दांडी आणि दाराच्या कड्या तांबारतात, त्यामागचं कारण हे.

दोन इशारे मात्र पक्के लक्षात ठेवायला हवेत. पहिला: जुन्या घरांत जमिनीला शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवर असतो. हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे दगड. लिंबूफूलदेखील तिथे डाग आणि फरशी यांत फरक करणार नाही. चकाकी खाऊन टाकेल. कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले किंवा डाग पडला, तर आंबट पदार्थ लांब ठेवून साध्या डिटर्जंटवर भागवावं. दुसरा: ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, एकापाठोपाठ एक वापरूनसुद्धा. त्यातून क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या इप्र इथे जर्मन सैन्यानं शत्रूच्या खंदकांवर सोडलेला विषारी वायू तो हाच. दीड मीटर रुंदीच्या बंद खोलीत त्याच्यापासून पळायला जागा नसते.

एक टक्क्याची करामत

टाइल्स साफ झाल्या तरी भिंत जुनाट दिसते, कारण सांधे. इथे एक छोटा हिशेब करून पाहा. टाइल ३०० बाय ४५० मिलिमीटरची आणि सांधा २ मिलिमीटरचा असेल, तर अख्ख्या भिंतीत सांध्यांचं क्षेत्रफळ जेमतेम एक टक्का भरतं. उरलेले नव्याण्णव टक्के चकचकीत असूनही नजर त्या एका टक्क्यावरच जाते.

हा दोष सांध्यांचा तसा आपल्या डोळ्यांचाही आहे. विमानाच्या वेगाचं परिमाण ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, त्या एर्न्स्ट माख यांनी १८६५ साली दाखवून दिलं की, उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथे आपल्याला प्रत्यक्षात असतो त्याहून जास्त फरक दिसतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना दडपतात आणि त्यामुळे कड उठून दिसते. सपाट पांढऱ्या पृष्ठभागाविषयी मेंदूला सांगण्यासारखं फार काही नसतं. रेघ मात्र बातमी असते. पांढऱ्या टाइल्सवरची काळी जाळी म्हणूनच सगळी भिंत मळकी करून टाकते. आणि म्हणूनच ती एक टक्का जागा उजळली की सगळी भिंत नवी वाटते.

सांधे काळे का पडतात? सांध्यातलं ग्राउट सिमेंटचं असतं. सिमेंट घट्ट होतं ते वाळून नव्हे, पाण्याशी संयोग पावून. या क्रियेत त्याच्या पोटात अतिसूक्ष्म पोकळ्यांचं जाळं राहतं. या केशनलिका पाणी ओढून घेतात, पाण्याबरोबर साबण आणि मळ आत जातो, आणि पाणी उडालं तरी मळ तिथेच राहतो. वरून कितीही घासलं तरी आतला काळेपणा जात नाही.

उपाय सोपा आणि कष्टाचा आहे. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं किंवा ग्राउट खरवडायच्या हत्यारानं सांध्याचा वरचा दोन-तीन मिलिमीटर भाग काढायचा, धूळ झाडून सांधा किंचित ओलसर करायचा आणि नवं ग्राउट रबरी पट्टीनं दाबून भरायचं. नुसतं व्हाइट सिमेंट सगळ्यांत स्वस्त. करड्या सिमेंटचा रंग मुख्यतः त्यातल्या लोहामुळे येतो. लोह जवळपास नसलेला कच्चा माल निवडला की सिमेंट पांढरं होतं. पण ते आकसतं, त्याला बारीक चिरा पडतात आणि मळ पुन्हा वाट शोधतो. पॉलिमर मिसळलेलं तयार ग्राउट थोडं महाग, तरी बरंच टिकाऊ. सिमेंटचं कोणतंही ग्राउट भरल्यावर दोन-तीन दिवस त्यावर हलकं पाणी मारत राहावं. जिथे सतत पाणी पडतं त्या भागापुरतं इपॉक्सी ग्राउट परवडतं. ते दोन भागांतून येतं. दोन्ही मिसळताच रेणूंची साखळी गुंफायला लागते आणि पोकळ्या न ठेवता घट्ट होते. त्यामुळे ते मळ पीत नाही. मात्र मिसळल्यावर हात भरभर चालवावा लागतो आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसावं लागतं. एकदा घट्ट झालं की ते निघता निघत नाही.

रंगाची निवडही स्वस्तातला मोठा निर्णय आहे. टाइलच्या रंगाशी जुळणारं ग्राउट घेतलं की जाळी विरते आणि छोटं बाथरूम मोठं वाटतं. जमिनीवर मध्यम करडा रंग शहाणपणाचा.

गुलाबी आणि काळं

साबणदाणीच्या खाली किंवा बादलीच्या मागे जो गुलाबीसर बुळबुळीत डाग येतो, तो बहुधा सेराशिया मार्सेसन्स या जीवाणूच्या वसाहतीचा असतो. साबण आणि शाम्पूचे अवशेष हे त्याचं खाद्य. या जीवाणूचा इतिहास नाट्यमय आहे. १८१९ साली इटलीत पादुआजवळच्या एका गावात मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या लापशीवर रक्तासारखे लाल डाग दिसायला लागले आणि लोक घाबरून गेले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञानं प्रयोग करून दाखवलं की हा ना चमत्कार आहे ना शाप. हे एका सूक्ष्मजीवाचं काम आहे. रोगजंतूंचा सिद्धान्त रुळायला तेव्हा अजून अर्धं शतक होतं. निरोगी माणसाला त्या गुलाबी डागाची फार भीती नसते, पण घरात कुणी आजारी असेल तर तो राहू देऊ नये. ब्रश आणि साधं डिटर्जंट पुरे. त्यानंतर जागा कोरडी ठेवली की तो लवकर परतत नाही.

काळी बुरशी अधिक चिवट. बेसिनच्या कडेला किंवा कमोडच्या पायाशी लावलेल्या सिलिकॉनच्या पट्टीत तिचे तंतू आत शिरतात. ब्लीचनं वरचा रंग जातो, आतले तंतू राहतात आणि महिन्याभरात ठिपके पुन्हा वर येतात. तिथे घासण्यात वेळ घालवू नये. पट्टी ब्लेडनं कापून काढावी, जागा पूर्ण वाळवावी, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून नवं सॅनिटरी सिलिकॉन भरावं, ओल्या बोटानं एकसारखं करावं आणि लगेच टेप ओढून काढावी. रेघ कारागिरानं मारल्यासारखी येते.

सिलिकॉन लावताना व्हिनेगरचा वास येतो, त्यामागेही गंमत आहे. ट्यूबमधला लगदा हवेतल्या बाष्पाशी संयोग पावून रबरासारखा होतो आणि या क्रियेत खरंच ॲसिटिक ॲसिड बाहेर पडतं. म्हणजे ते घट्ट व्हायलाही दमटपणाच लागतो! बाष्प आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून चोवीस तास तिथे पाणी पडू देऊ नये. संगमरवराशी आणि आरशाच्या मागे मात्र वास न येणारं "न्यूट्रल" सिलिकॉन वापरावं. कारण अर्थातच तेच ॲसिड.

पेलाभर पाण्याची हवा

आता हे सगळं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? आपल्याकडे पाच बाय सात फुटांचं बाथरूम सर्रास आढळतं. आठ फूट उंची धरली तर त्यात सुमारे आठ घनमीटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे त्या खोलीतली सगळी हवा मिळून जेमतेम पेलाभर, पाव लिटरच्या आतच पाणी पिऊ शकते. पावसाळ्यात ती आधीच बहुतांश भरलेली असते. दार लावून घेतलेल्या बाथरूममध्ये भिंती वाळतच नाहीत, कारण पाण्याला जायला जागाच नसते.

म्हणून हवा बदलावी लागते. एक्झॉस्ट फॅन चांगलाच, पण त्याला बाहेर फेकायला हवा मिळाली पाहिजे. दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसताच फिरतो. डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून धुतल्या तर हवा आणि उजेड दोन्ही फुकटात वाढतात.

पण या संपूर्ण लेखातलं सगळ्यांत स्वस्त आणि परिणामकारक हत्यार म्हणजे शे-दीडशे रुपयांचा रबरी वायपर. अंघोळीनंतर भिंतीवरून दोनदा तो ओढला की जे पाणी वाळून दगड ठेवून गेलं असतं ते जमिनीतल्या जाळीतून निघून जातं. वर्षाचा मूठभर दगड, साबणाचा थर आणि बुरशीची ओल तिन्ही एकाच हालचालीत कमी होतात.

उजेड बदला, रंग बदलेल

बाथरूममध्ये दिवा बदलणं म्हणजे सगळ्या भिंती एकदम रंगवणं. एलईडी दिव्याचा पांढरा प्रकाश मुळात पांढरा नसतो. आतली चकती निळा प्रकाश देते; तिच्यावरचा पिवळा लेप त्यातला काही भाग शोषून पिवळा प्रकाश परत देतो, आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. हा निळा एलईडी घडवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेप किती आणि कसा, यावर प्रकाशाची छटा ठरते आणि ती खोक्यावर केल्विनमध्ये लिहिलेली असते. दुकानात न विचारता मिळतो तो बहुधा ६५०० केल्विनचा, निळसर. जुन्या गुलाबी, पिस्ता किंवा बदामी टाइल्स त्यात आजारी दिसतात. ४००० केल्विनचा दिवा लावून पाहा. त्याच टाइल्स मुद्दाम निवडल्यासारख्या वाटतील. खोक्यावरचा सीआरआय हा रंगांच्या खरेपणाचा आकडा; तो ९० च्या जवळ असेल तर रंग अधिक खरे दिसतात. दिवा डोक्यावर एकटाच असेल तर डोळ्यांखाली सावल्या पडतात, आरशाच्या बाजूला असेल तर पडत नाहीत. पाणी उडतं तिथे आयपी ४४ किंवा त्याहून वरचं संरक्षण असलेली फिटिंग घ्यावी आणि वायरिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

आरसा हा तर पातळपणाचा कळस. काचेमागे कथिल आणि पाऱ्याचं मिश्रण लावायची जुनी रीत कारागिरांच्या जिवावर बेतायची. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर रासायनिक क्रियेनं चांदीचा थर बसवण्याची पद्धत शोधली. आपलं प्रतिबिंब ज्या थरात दिसतं त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. कडेनं ओल शिरली की ही चांदी काळवंडते. ती परत उजळत नाही, पण खराब झालेली बोटभर कड काचवाला कापून देतो, किंवा वर पट्टी लावून झाकता येते. नवा आरसा लावलाच तर शक्य असल्यास खिडकीसमोर, आणि भिंतीपासून किंचित सुटा, म्हणजे मागे हवा खेळेल.

नळाचं क्रोमही असंच. निकेलच्या थरावर चढवलेलं हे क्रोमियम केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असतं. म्हणून नळाला तारेची घासणी कधीच लावू नये. नळ गळत असेल तर बहुधा अख्खा बदलावा लागत नाही. आतला वॉशर किंवा स्पिंडल बदललं की भागतं. शॉवर स्वतः बदलायचा असेल तर आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळावी. ही निसरडी पांढरी फीत ज्या पदार्थाची, तो रॉय प्लंकेट यांना १९३८ साली शीतकरणाच्या वायूवर काम करताना एका सिलिंडरमध्ये अपघातानं सापडला होता.

आणि वास? नवं दिसणारं बाथरूम कोंदट वासानं क्षणात जुनं होतं. जाळीखालच्या न्हाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी साठून राहतं आणि तेवढंच पाणी गटाराची हवा अडवतं. वाकड्या नळीत पाणी अडवून ठेवण्याची ही कल्पना वापरून अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं १७७५ साली शौचकूपाचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षांत तिच्याहून स्वस्त दार कुणी काढलेलं नाही. कमी वापराच्या बाथरूममध्ये हे पाणी उडून जातं. आठवड्याला दोन तांबे पाणी ओतणं हा त्यावरचा संपूर्ण उपाय.

स्वस्ताई कुठे महाग पडते

टाइलवर चिकटवायचे स्टिकर्स ओल्या भिंतीवर टिकत नाहीत. कडेनं पाणी शिरतं आणि मागे बुरशी पोसली जाते. टाइलवरचा इपॉक्सी रंग भिंतीवर चालतो, पण आधी सँडपेपरनं ग्लेझ खरखरीत करावं लागतं, कारण काचेला धरून राहायला रंगाला खाचा हव्यात. जमिनीवर तो लवकर सोलपटतो. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवणंही भिंतीवर ठीक. जमिनीवर सेंटिमीटरभर उंची वाढते, दार घासतं आणि उतार बिघडतो.

काही वेळा फोडावंच लागतं. खालच्या मजल्याचं छत ओलं होत असेल, टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, जमिनीत गाडलेले जुने लोखंडी पाइप गंजले असतील, तर वरची रंगसफेदी ही फसवणूक ठरेल.

या तक्रारी नसतील, तर लिंबूफूल, ब्रश, वायपर, ग्राउट, सिलिकॉन, दिवा, कमोडचं नवं सीट आणि आरसा, असं सगळं साहित्य स्वतः हात चालवल्यास साधारण चार-पाच हजारांत बसतं. क्रम मात्र चुकवू नका: आधी चुना, मग सांधे, मग सिलिकॉन, शेवटी दिवा आणि आरसा. ठेकेदाराला बोलावण्याआधी दाराजवळची एकच टाइल आणि तिच्या भोवतालचे चार सांधे नीट करून पाहा, आणि फोडायचं की नाही ते तिच्याकडे बघून ठरवा. त्यातूनही फोडायचंच ठरलं, तर पैसा टाइलच्या नक्षीवर नव्हे, तिच्याखालच्या वॉटरप्रूफिंगवर घाला. बाथरूममध्ये खऱ्या अर्थानं जुनं होतं ते तेवढंच.